दुसरा प्रकार तसाच

किटलीचं बटण खटकन वर उडालं आणि ती दचकली. पाणी ठेवल्याचं ती विसरूनच गेली होती.

खोलीत दुसरा आवाज नव्हता. पडद्याच्या फटीतून राखाडी उजेड आत येत होता. पलंगावर पांघरुणाचा लहानसा ढीग होता आणि त्या ढिगात मुंगी. मुंगी म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. जमिनीवर सांडलेलं काहीही उचलायचं आणि कुठेतरी नेऊन साठवायचं ही तिची खोड, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. बाबांची रात्रपाळी, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून मुंगी आईच्या बोटाला धरून परिषदेला आली होती आणि परिषदेतली फुकटची पेनं उशीखाली जमवून गाढ झोपली होती.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर एक स्लाइड, वर नुसतं शीर्षक: दुसरा प्रकार. खाली कोरं.

भाषण दुपारच्या जेवणानंतर होतं आणि ते कधीच तयार होतं. पण सकाळी लवकर जाग आली, मुंगी उठायला अवकाश होता. असा वेळ आईला मिळतो म्हणजे गुप्तधनच सापडतं. म्हटलं, पहिल्या प्रकाराची इतकी चित्रं काढलीत, एखादं दुसऱ्याचंही असू द्यावं, कुणी विचारलंच तर हाताशी असेल. ती चित्र काढायला बसली आणि चित्र येईना. एकदा काढलं, पुसलं. पुन्हा काढलं. मग ते का येत नाही हे तिला दिसलं, आणि हात तिथेच थांबला.

चहा राहिला. किटलीतलं पाणी निवत गेलं.

ही परिषद दरवर्षी भरते. गाव बदलतं, सभागृह बदलतं, माणसं तीच. संगणक काय करू शकतो आणि काय कधीच करू शकणार नाही, हे कागदावर सिद्ध करणाऱ्यांची ही जमात. प्रत्यक्ष संगणकाशी त्यांचं फारसं पटत नाही. दरवर्षी पहिल्याच भाषणाला प्रोजेक्टर रुसतो, आणि सभागृहभर जगातले नामांकित संगणकशास्त्रज्ञ बसलेले असताना माईकवाल्याला हाक मारावी लागते. पुढच्या रांगेत म्हातारे, मागे प्लगच्या शोधात विद्यार्थी. इथे पेपर लागणं म्हणजे पंक्तीत पान मिळणं. तिला हे पान फार दिवसांनी मिळालं होतं. मुंगी झाली, मधली वर्षं दुपटी वाळवण्यात गेली, आणि बरोबरीचे कुठल्या कुठे निघून गेले. आताची नोकरीही कराराची, सत्र संपलं की संपणार. आणि कालच चहाच्या वेळी परिषदेच्या अध्यक्षबाई स्वतःहून जवळ येऊन म्हणाल्या होत्या, "तुमचा पेपर आमच्याकडे सगळ्यांनी वाचलाय. आमच्या संस्थेत एक जागा निघतेय, कायमची. उद्या तुमचं भाषण झालं की बोलू."

पेपर तिघांचा होता: तिचा, तिच्या धाकट्या गुरुबंधूचा म्हणजे लंबूचा, आणि दोघांच्या सरांचा. दावा असा की एक मोठं जाळं घ्या, रस्त्यांचं म्हणा नाहीतर तारांचं म्हणा, त्यातला एक अवघड शोध त्यांच्या रीतीने झटपट लागतो. रीत दिसायला साधी. जाळं जिथे एका धाग्यावर लोंबकळत असेल तिथे कापायचं. दोन तुकडे होतात, एक लहान, एक मोठा. हवं ते ज्या तुकड्यात असेल त्यात शिरायचं आणि पुन्हा कापायचं. हवं ते लहान तुकड्यात असलं, तर दर वेळी काम निम्म्याच्या आत येतं. निम्म्याचं निम्मं होत होत बघता बघता संपतं. हा पहिला प्रकार. तो तिने आणि लंबूने लिहिला होता, पानंच्या पानं. हवं ते मोठ्या तुकड्यात असलं तर? हा दुसरा प्रकार. तो सरांनी लिहिला होता. एका ओळीत.

'दुसरा प्रकार तसाच.'

आणि तो तसा नव्हता. मोठा तुकडा आधीच्यापेक्षा एका दाण्यानेच लहान असू शकतो. म्हणजे पोतं रिकामं करायचं आणि दर खेपेला एकच दाणा उचलायचा. तशाने पोतं रिकामं होतं, नाही असं नाही. पण त्याला झटपट कुणी म्हणत नाही.

ओळ दुसऱ्या कुणाची असती तर तिने ती तिथल्या तिथे सोलून काढली असती. सरांच्याच हाताखाली ती शिकली होती. 'उघड आहे' असं जिथे लिहिलेलं असतं त्याच दगडाखाली साप असतो, असं सर म्हणत. कुणी कधी 'तसंच' लिहिलं, की लाल शाईने गोल करून बाजूला लिहीत, 'तसंच म्हणजे कसंच?' पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांना 'कसंच सर' म्हणायची. म्हणूनच सरांनी 'तसाच' लिहिलेलं आलं तेव्हा तिच्या मनात शंका आली नाही, उलट हायसं वाटलं. सर लिहितात म्हणजे दहा वेळा बघूनच लिहीत असणार. लंबूलाही तसंच वाटलं. परीक्षकांनाही तसंच वाटलं असणार. परीक्षकांना नावं दाखवायची नाहीत अशी इथली पद्धत आहे, पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. सरांच्या लिहिण्याची ठेवण या जमातीत पोरंटोरंही ओळखतात. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याचं 'तसंच' चालू दिलं नाही, त्याचं स्वतःचं 'तसंच' सगळ्यांनी डोळे मिटून गिळलं.

ती उठली. मुंगीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, दार किलकिलं ठेवलं आणि समोरच्या खोलीचं दार वाजवलं.

लंबू बाहेर आला तोच दाराच्या चौकटीपासून कपाळ वाचवत. तिच्या मागून काही वर्षांनी तो सरांकडे शिकायला आला होता.

"ताई, इतक्या सकाळी दार वाजवतेस म्हणजे एक तर आग लागली किंवा आपल्या सिद्धतेला भोक पडलं."

"आग नाही लागली."

तो हसला, आणि मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला.

दोन खोल्यांमधल्या बोळाच्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. तिने बोटाने मधोमध एक ठिपका काढला आणि भोवती पुष्कळ ठिपके काढून प्रत्येकाला मधल्याशी रेघेने जोडलं. लहान मुलं काढतात तशी चांदणी.

"हे जाळं. काप."

"कुठे?"

"कुठेही. आणि मोठ्या तुकड्यात शीर."

लंबूने काचेवरची एक रेघ पुसली. एक टोक गळलं, चांदणी होती तशीच राहिली. त्याने दुसरी पुसली. मग हात खाली घेतला.

"मधोमध कापायला सांगू की."

"मधोमध काय कापणार? रेघ कुठलीही धर, एकच टोक गळतं."

काचेवरून पाण्याचे ओघळ उतरायला लागले.

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "ती ओळ पेपरच्या शेवटी, अपेंडिक्सच्या पोटातल्या अपेंडिक्समध्ये आहे. तिथे परीक्षक सोड, झुरळ फिरकत नाही. भाषण उरकून टाक. घरी गेल्यावर बघू काय डागडुजी होते ती."

"होत नाही. सकाळपासून तेच करतेय."

"मग निदान नोकरी पदरात पडू दे. नंतर सावकाश सापडली म्हणायचं चूक. माझं काय, मी पुढच्या महिन्यात कंपनीत चाललो, माझं नाव राहिलं काय नि बुडालं काय. पण तुझं?"

"काल रांगेत ती चष्मेवाली पोरगी भेटली होती, आठवते? माझा सगळा प्रबंध तुमच्या पेपरवर उभा आहे म्हणाली. आज संध्याकाळी घरी जाऊन ती पुढचा मजला चढवणार. चढवू दे?"

मग लंबूने मघापासून दोघंही टाळत होती ते विचारलं.

"ताई, सर 'तसंच' लिहितात? आपले सर?"

तिने काचेवरची चांदणी तळहाताने पुसून टाकली.

"या उन्हाळ्यात त्यांनी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला," लंबू म्हणाला. "दर वेळी नव्याने विचारल्यासारखा. मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी दर वेळी आधीपेक्षा चांगलं उत्तर देत गेलो, गाढवासारखा."

नाश्त्याच्या दालनात सर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. सूट इस्त्रीचा, दाढी गुळगुळीत, गळ्यात परिषदेचं नावाचं कार्ड. शेजारी काकू, त्यांची बायको. बुटकी, चटपटीत बाई. सरांचा चष्मा, गोळ्या, खोलीची किल्ली, सगळं काकूंच्या पर्समध्ये.

"ये पोरी!" सरांनी लांबूनच हाक मारली. "काय, पाय कापताहेत ना? कापू देत. ज्याचे पाय कापत नाहीत त्याचं भाषण ऐकू नये. आणि ही कोण, मुंगीबाई? या. साखर देऊ?"

मुंगी खुशीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर चढून बसली. सरांनी तिच्यासमोर साखरेचे चौकोनी खडे मांडले आणि कमीत कमी खडे हलवून त्रिकोण उलटा कर म्हणून कोडं घातलं. तेच तरतरीत डोळे. तिला क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं असेल. सरांना विचारावं, ते हसून म्हणतील, अगं, त्याचं असं आहे.

तिने काकूंकडे बघितलं. काकू उठल्या आणि टोस्टर होता त्या कोपऱ्यात गेल्या. ती त्यांच्या मागे गेली.

"काकू, सरांना बरं नाहीये का?"

काकूंनी पावाची चकती टोस्टरमध्ये सरकवली, दांडी खाली दाबली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्यांनी लिहिलेलं वाचलं."

"म्हणजे तिथेपण पोचलं," काकू म्हणाल्या. जणू घरात शिरलेल्या ओलीबद्दल बोलत होत्या. "डॉक्टर म्हणाले, गणित शेवटी जाईल. पहिल्यांदा माणसं जातील. सकाळी बरे असतात. दुपारी उतरायला लागतं. इथे त्यांना फार सोपं जातं बघ, सगळ्यांच्या गळ्यात नावं लटकवलेली. वाचतात आणि हाक मारतात. लोक म्हणतात, वा, काय स्मरणशक्ती!" त्या हसल्या, पण डोळे टोस्टरवरच होते. "पुढच्या वर्षी आम्ही यायचे नाही. हे शेवटचं. काय लिहिलं त्यांनी?"

तिने सांगितलं. जाळं वगैरे न सांगता, टोस्टरमधून उडालेली चकती हातात घेऊन. अर्धी मोडली, अर्धी ठेवली. अर्ध्याची अर्धी. "असं केलं तर लवकर संपतं, बरोबर? आणि असं," तिने दुसऱ्या चकतीचा एक कण तेवढा चिमटीत काढला, "असं केलं तर?"

"तर उशिरा संपतं." काकूंनी तिच्याकडे रोखून बघितलं. "एवढंच ना? पाव संपायला उशीर लागतो, एवढ्यासाठी माणसाला भरसभेत उभं चिरायचं?"

"काकू, त्या पेपरवर दुसरी पोरं पेपर बांधताहेत."

"बांधू देत की दोन दिवस. आजचा दिवस टाळ्या वाजू देत. त्यांच्या कानावर एवढ्या पडू देत, बाई. मग तू आहेस आणि तुझा पाव आहे."

काकू तिच्या ताटातल्या कणांकडे बघत उभ्या राहिल्या. मागे मुंगी आणि सर साखरेवरून भांडत होते. "आजोबा, तुम्ही लबाडी केलीत!" "मी? मी केली?"

"तू ऐकायची नाहीस," काकू शेवटी म्हणाल्या. "त्यांचीच चेली ना. बरं. सांग. पण ते त्यांनी लिहिलंय, हे कळू देऊ नकोस. लोकांनाही नाही आणि त्यांनाही नाही. हे मला वचन दे."

"आमच्यात कुणाचं ते विचारतच नाहीत, काकू." आणि हे खरं होतं. इथे पेपरवर नावं अकारविल्हे लागतात. थोरला-धाकटा नाही, जास्त केलं-कमी केलं नाही. कुणी कुठली ओळ लिहिली हे विचारणं म्हणजे जेवायला बसलेल्याच्या ताटात डोकावणं. "नावं अकारविल्हे, श्रेय अकारविल्हे, चूकही अकारविल्हे. सरांनीच शिकवलंय आम्हाला."

"मग ठीक," काकू म्हणाल्या आणि सरांसाठी टोस्टला लोणी लावायला लागल्या, कडेपर्यंत, नीट.

दुपारी सभागृह भरलेलं होतं. सरांचं नाव पेपरवर असलं की भरतंच. मुंगी शेवटच्या रांगेत काकूंच्या शेजारी बसून चित्र रंगवत होती. सर नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत मधोमध.

माईकवाला तिच्या गळपट्टीला माईक अडकवत म्हणाला, "मॅडम, ते कार्ड काढून ठेवा. माईकवर आपटतं, मागे खडखड ऐकू येते."

तिने नावाचं कार्ड काढून टेबलावर उलटं ठेवलं.

अध्यक्षबाईंनी ओळख करून दिली. गुरू आणि दोन शिष्य, यंदाच्या सर्वांत सुंदर निकालांपैकी एक, वगैरे. टाळ्या वाजल्या. तिने शेवटच्या रांगेकडे बघितलं, काकूही वाजवत होत्या. एवढ्या टाळ्या सरांच्या कानावर पडल्या, तिने मनात म्हटलं.

"सुरुवातीलाच एक सांगते," ती म्हणाली. "आमच्या पेपरचा मुख्य दावा आज सकाळपासून सिद्ध झालेला नाही."

दोघेतिघे हसले. या जमातीचे विनोद असेच असतात. मग ते एकेक करून हसायचे थांबले, कारण ती हसत नव्हती.

तिने तयार स्लाइड सगळ्या ओलांडल्या आणि फळ्यावर चांदणी काढली. सावकाश सांगितलं. रीत काय, पहिला प्रकार का चालतो, दुसऱ्यात काय घडतं. एक टोक पुसलं, दुसरं पुसलं. "पेपरमध्ये इथे आम्ही लिहिलंय, 'दुसरा प्रकार तसाच'. तो तसा नाही. चूक आमची आहे. पेपर आम्ही मागे घेतोय. ज्यांनी याच्यावर पुढे काम केलंय त्यांची मी माफी मागते."

मधल्या रांगेतल्या चष्मेवाल्या मुलीने आपला लॅपटॉप हळूच मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

तिला वाटलं होतं, संपलं. आता अध्यक्षबाई आभार मानतील, लोक पुटपुटतील, पुढचा वक्ता उठेल. तेवढ्यात पहिल्या रांगेत मधोमध हात वर गेला.

हा हात वर गेला की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं, अशी ख्याती होती. सभागृह सावरून बसलं.

"बाई, एक मिनिट," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत सरांनी तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. पोरी म्हणत. फार रागावले तर 'अगं मठ्ठ पोरी' म्हणत. लोकांना तो शब्द रागाचा वाटला. लंबूची मान मात्र गर्रकन वळली.

"ही ओळ तुम्ही लिहिलीत," सर फळ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "तेव्हा मोठ्या तुकड्याकडे एकदा तरी बघितलंत का?"

"नाही, सर."

"का नाही बघितलंत?"

"विश्वास ठेवला."

"कुणावर?"

सर उत्तराची वाट बघत होते, तेच तरतरीत डोळे, मान किंचित तिरकी, जसे ते वर्गात वाट बघत. चांदणी त्यांना एका नजरेत कळली होती. चूक कळली होती. ती कुणाची, तेवढंच कळत नव्हतं, आणि समोर उभी आहे ती कोण, तेही. सगळ्यांच्या डोक्यांवरून तिला शेवटच्या रांगेतल्या काकू दिसल्या. काकूंनी मान हलवली नाही, हात हलवला नाही. नुसत्या बघत होत्या.

"ओळीवर," ती म्हणाली.

सभागृहात खसखस पिकली.

"ओळीवर!" सरांना चेव आला. "ओळींवरच विश्वास ठेवायचा तर हात बघून भविष्य सांगा की, गणिताच्या वाटेला कशाला येता? अहो, तसंच म्हणजे कसंच? पहिल्या वर्षाच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. हे ज्याने लिहिलं ना, त्याने पुन्हा लेखणी हातात धरू नये!"

लंबू जागेवरून अर्धा उठला. "सर, ते..." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो तसाच, गुडघ्यात वाकलेला, अवघडून थांबला आणि खाली बसला.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "चुकलं."

सर बसले. आणि टाळ्या वाजल्या. त्या तिच्यासाठी नव्हत्या. "बघितलंस?" पुढच्या रांगेतला कुणीतरी शेजाऱ्याला म्हणाला, ते तिला स्पष्ट ऐकू आलं. "स्वतःच्या पेपरलाही सोडत नाही म्हातारा. याला म्हणतात निष्ठा. शिष्यांनी नाव बुडवलं, पण हा काही पाठीशी घालायचा नाही."

तिने फळा पुसला. माईकवाल्याने माईक काढून घेतला आणि पुढच्या वक्त्याला लावला.

चहाच्या वेळी तिच्याभोवती आपोआप मोकळी जागा तयार झाली. ओळखीचे लोक लांबूनच मान हलवत, मग त्यांना एकाएकी बिस्किटांची आठवण होई. चष्मेवाली मुलगी जवळून गेली. डोळे लाल होते, तिने वर बघितलं नाही. अध्यक्षबाई मात्र सरळ आल्या. भल्या बाई होत्या, त्यांनी तिचा हातसुद्धा हातात घेतला.

"धीराचं काम केलंत. खरंच. आता ते मागे घेण्याचं तेवढं लवकर कळवा, म्हणजे छापायच्या आधी काढता येईल." मग जरा थांबून, "आणि त्या जागेचं... सरांचं मत आमच्याकडे फार मानतात, तुम्हाला ठाऊकच आहे. ते आज असं सगळ्यांसमोर बोलल्यावर मला कुणाला पटवणं जड जाईल. बघू, पुढेमागे."

"हो," ती म्हणाली. "पुढेमागे."

पलीकडे सरांभोवती घोळका होता. तरुण पोरं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून त्यांचं बोलणं ऐकत होती. सर एकेकाच्या गळ्यातलं कार्ड वाचून नावाने हाक मारत होते. काकू त्यांच्या कोपराशी उभ्या होत्या. मुंगी धावत आली आणि आईच्या पायाला बिलगली.

"आजोबा तुला का ओरडले?"

"माझं गणित चुकलं होतं."

"मग खोडून टाकायचं."

"खोडलं, राणी."

घोळका हलला. सर कपबशी सांभाळत सावकाश तिच्याकडेच येत होते. काकू मागून लगबगीने आल्या, पण सर पोचले होते. त्यांनी तिच्या गळ्याशी बघितलं. तिथे काही नव्हतं. कार्ड सभागृहातल्या टेबलावरच राहिलं होतं. त्यांची नजर क्षणभर तिथेच घोटाळली, मग वर आली. त्या नजरेत राग नव्हता. अनोळखी माणसाशी वागायची ती जुन्या वळणाची, स्वच्छ अदब तेवढी होती.

"बाई, मघाशी मी जरा जास्तच बोललो," सर म्हणाले. "मनावर घेऊ नका. चूक सगळ्यांच्या हातून होते. पण भरसभेत उभं राहून ती सांगायला छाती लागते. अशी माणसं आता फार राहिली नाहीत. कुणाकडे शिकलात तुम्ही?"

काकूंनी पर्सचा पट्टा घट्ट धरला. लंबू तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागला.

तिने मुंगीचा हात हातात घेतला.

"होते एक सर," ती म्हणाली. "फार कडक होते."

"असणारच! शिकवण लपत नाही." सर मनापासून खूश झाले. त्यांनी कपबशी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात क्षणभर तिच्या डोक्यावर ठेवला, जसा ते परीक्षेच्या आदल्या दिवशी ठेवत. "भेट झाली तर माझा नमस्कार सांगा त्यांना. म्हणावं, तुमची मेहनत वाया गेली नाही."

"सांगेन."

"विसरू नका हं," सर म्हणाले. काकूंनी त्यांच्या कोपराला धरलं. "चला, पुढचं भाषण सुरू होईल," त्या म्हणाल्या, आणि तिच्याकडे न बघता त्यांना घेऊन गेल्या. घंटा झाली. कप खाली ठेवल्याचे आवाज झाले, लोक आत वळले, दालन रिकामं होत गेलं. पुढचा वक्ता आतमध्ये 'ऐकू येतंय का?' म्हणून विचारत होता.

ती खाली बसली आणि मुंगीच्या बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हतीच. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली. मुंगी तिच्या खांद्यावर हात ठेवून, सर गेले त्या दाराकडे बघत उभी होती. कपाळावर बारीक आठी, साखरेच्या कोड्याच्या वेळी होती तशी.

"आई," ती म्हणाली, "मग तू त्या कडक सरांना आजोबांचा नमस्कार कधी सांगणार?"